मधल्या चित्रांची कटकट

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

डॉक्टरांनी वही घ्यायला लावली. ब्लडप्रेशर एकशे सत्तर. राग आला की माणसांवर काढू नका, वहीत लिहा, म्हणाले. मी त्यांना शांतपणे समजावलं की मी रागीट नाहीच. माझ्या आजूबाजूची माणसं मूर्ख आहेत, हा वेगळा आजार आहे आणि त्यावर औषध त्यांना द्यायला हवं. डॉक्टरांनी माझी गोळी वाढवली.

संकल्प: आजपासून रागावणे बंद. वही केवळ खबरदारी म्हणून. बहुधा कोरीच राहील.

३ मार्च. दुपारी १२.४०

वही ऑफिसात आणली ते बरं झालं.

डायरेक्टरने केबिनमध्ये बोलावलं. २४ एप्रिलला संचालक मंडळाची मीटिंग. एकशे सत्तेचाळीसचं काय करायचं ते त्या दिवशी ठरणार. हो म्हणाले तर माणसांवर चाचणी. नाही म्हणाले तर माझा विभाग बंद, माझ्यासकट सहा माणसं घरी.

एकशे सत्तेचाळीस म्हणजे माझा रेणू. अकरा वर्षांत बनवलेला एकशे सत्तेचाळिसावा. आपल्या शरीरात एक प्रोटीन असतं, ते बिघडलं की सांध्यांना सूज आणत सुटतं. त्या प्रोटीनच्या पोटात एक खोल खोबण आहे. माझा रेणू त्या खोबणीत जाऊन घट्ट बसतो आणि प्रोटीन गप्प होतं. इतकी साधी गोष्ट. (वहीला समजावायची गरज नव्हती. पण मंडळाला समजावायची आहे, म्हणून सराव.)

मागच्या वेळी मी मंडळाला चौऱ्याण्णव स्लाइड दाखवल्या होत्या. डायरेक्टर म्हणतो, दोघं झोपले आणि एक जण फोन आल्याचं नाटक करून जो गेला तो आलाच नाही. म्हणून या वेळी स्लाइड नकोत, अ‍ॅनिमेशन हवं. तीन मिनिटांचं. अकरा वर्षं, तीन मिनिटं. मंडळावर एकही रसायनशास्त्र शिकलेला माणूस नाही. चेअरमनबाईंनी आयुष्यभर बिस्किटं विकली. गाढवाला गुळाची चव काय, हे मी मनात म्हटलं. निदान मला वाटलं मनात म्हटलं.

अ‍ॅनिमेशन करणार कोण? प्रचार विभागातली एक मुलगी. तिने याआधी काय केलंय म्हणून विचारलं. टूथपेस्टची जाहिरात. त्यात एक ससा दात घासतो.

दहापर्यंत आकडे मोजले. सातला दार आपटलं. (आपोआप आपटतं. स्प्रिंग आहे.)

५ मार्च, बुधवार. सायंकाळी ६

ससेवाली आली. तिशीची असेल. वही, पेन्सिल आणि स्वतःचं स्टूल घेऊन आली, कारण माझ्या खोलीतल्या खुर्च्यांवर कागद असतात हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. विभागात फितूर कोण ते शोधायला हवं.

पहिला प्रश्न: बघणाऱ्याला काय दिसायला हवं? मी म्हटलं, सगळं. प्रोटीनमध्ये चार हजार आठशे बारा अणू आहेत, तेही हायड्रोजन सोडून. ती म्हणाली, यातले थोडे लपवले तर? माणसाचा डोळा एका वेळी एकाच गोष्टीमागे जातो. म्हणून सगळं प्रोटीन करडं करू, धुक्यातल्या ढेकळासारखं, आणि फक्त खोबण आणि तुमचा रेणू रंगीत ठेवू.

ढेकूळ! तळपायाची आग मस्तकात गेली. त्या प्रोटीनचा एकेक अणू कुठे आहे हे शोधायला मी तीन वर्षं आणि मानेचा एक मणका घालवलाय. मी विचारलं, सशाचे किती दात लपवले होते? ती म्हणाली, मागचे सगळे. दिसत नाहीत कोणाला.

मग तिला भिंतीवरची दोन चित्रं दाखवली. कैक वर्षं तिथेच आहेत, फ्रेमच्या मागे भिंतीचा जुना रंग शाबूत असेल. पहिल्यात खोबण रिकामी. दुसऱ्यात खोबणीत रेणू बसलेला. म्हटलं, ही सुरुवात, हा शेवट, मधलं तुम्ही करा. तिने नाक चित्राला लागेपर्यंत जवळ जाऊन दोन्ही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाली,

"सर, हा आत जातो कुठून?"

मी म्हटलं, तोंडातून. ती म्हणाली, दोन्ही चित्रांत तोंड बंद आहे. मी म्हटलं, बाई, हे रसायनशास्त्र आहे, तुम्ही चित्र काढा. ती वहीत काहीतरी लिहून गेली. स्टूल इथेच विसरली. मी ते पॅसेजमध्ये ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं.

७ मार्च, शुक्रवार

डायरेक्टरची मेल. प्रोटीन करडंच असू द्या. म्हणजे ती तिकडे जाऊन चहाडी करून आली.

घरी रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं. ही चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आयुष्यभर लोकांना "हे दिसतंय का, आता दिसतंय का" विचारून हिला सवय लागली आहे, सगळ्या प्रश्नांत दिसण्याचं काढते. म्हणाली, अहो, कमी दाखवलं तर जास्त दिसतं, त्यात काय चुकलं तिचं? आपलेच दात, आपलेच ओठ. पाणी पिऊन उठलो.

१० मार्च, सोमवार. सकाळी ६.३०

निर्णय झाला. अ‍ॅनिमेशन मी स्वतः करणार.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिकवणारे व्हिडिओ फुकट. पीएच.डी. केलेल्या माणसाला सशाइतकं जमणार नाही? रोज संध्याकाळी दोन तास. पंधरा दिवसांत शिकणं, पंधरा दिवसांत करणं, उरलेले दिवस सुधारणा. तिची तीन मिनिटं आणि माझी तीन मिनिटं शेजारी ठेवतो, मग डायरेक्टरचं तोंड बघायचं.

मागच्या खोलीत स्टुडिओ. त्यासाठी मोठा स्क्रीन आणि सहा फुटी टेबल मागवलं. भिंत स्वतः मोजली, सहा फूट दोन इंच. मापाच्या बाबतीत मी कोणावर विसंबत नाही.

१५ मार्च, शनिवार. दुपारी

टेबल आलं. खोलीत जात नाही.

भिंतीपाशी बरोबर बसलं असतं, दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडून. पण पॅसेजचं वळण आणि खोलीचं दार यांनी मिळून कट केला आहे. उभं केलं, आडवं केलं, पाय वर करून पाहिलं. आणणाऱ्या दोघांपैकी थोरल्याने विचारलं, साहेब, दार मोजलं होतं का? मी सांगितलं की टेबल दारात ठेवायचं नाही, खोलीत ठेवायचं आहे, म्हणून खोली मोजली. दाराची जबाबदारी ज्याने घर बांधलं त्याची. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. शिकलेल्या माणसाला हसायचं ही फॅशनच झाली आहे.

टेबल पॅसेजमध्येच राहिलं. स्टुडिओ आता पॅसेजमध्ये. स्वयंपाकघरात जाताना हिला अंग चोरून जावं लागतं. ती काही बोलली नाही. काही न बोलण्याचीही एक पद्धत असते, ती मला झोंबते.

१९ मार्च, बुधवार. सायंकाळी ८

यश! एक गोळा स्क्रीनच्या डावीकडून उजवीकडे गेला.

हिला बोलावून दाखवलं. तिने विचारलं काय आहे. म्हटलं, कार्बन. कुठे चाललाय? म्हटलं, सध्या कुठेही नाही, पण चालतोय ना? ती म्हणाली, छान चालतोय, आणि अंग चोरून आत गेली.

व्हिडिओतला शिकवणारा दर दोन मिनिटांनी "हे तर एकदम सोप्पं" म्हणतो. त्याचा पत्ता मिळाला पाहिजे.

उरलेले अणू: चार हजार आठशे अकरा.

२३ मार्च, रविवार

सगळे अणू एकदम आणता येतात असं कळलं. एक बटण आहे. हे त्या इसमाने आठव्या व्हिडिओत सांगावं, पहिल्यात नाही!

आणले. चार हजार आठशे बारा, प्रत्येक जातीला वेगळा रंग, एकही लपवलेला नाही. वर ते गोल फिरवलं. दृश्य भव्य. हिने खुर्ची घेऊन पाहिलं आणि विचारलं, यात तुमचा कोणता? मी लगेच बोट ठेवलं. तो नव्हता. मग दुसरीकडे ठेवलं. शेवटी सापडायला सात मिनिटं लागली, पण स्क्रीनची चकाकी फार आहे.

ही म्हणाली, फिरवू नका हो, मला मळमळतंय. दुकानात म्हणे लोकांना चुकीच्या नंबरचा चष्मा घातला की असंच होतं. मी गप्प बसलो. दोनदा गप्प बसलो, कारण तिने तेच दोनदा म्हटलं.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी ७

फिल्म तयार व्हायला लावली. कॉम्प्युटर म्हणतो, उरलेला वेळ एकसष्ट दिवस.

मीटिंगला उरलेले दिवस अठ्ठावीस.

कॉम्प्युटरशी बोललो. शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. त्यांच्याशीही बोललो.

३१ मार्च, सोमवार

मोठ्या मनाने ठरवलं की त्या मुलीचं काम तिलाच पुरं करू द्यावं. तरुणांना संधी मिळायला हवी. मी केलं असतंच, पण मग ती काय शिकणार.

प्रचार विभागात स्वतः गेलो. तिने पन्नास सेकंदांची फिल्म करून ठेवली होती. करडं ढेकूळ, त्यात पिवळी खोबण, बाहेरून येणारा निळा रेणू. पाहण्यासारखं विशेष काही नव्हतं. चारदा पाहिलं. निळा रेणू खोबणीच्या तोंडापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. मग काळी पाटी: "इथे काय होतं?"

म्हटलं, हा काय चावटपणा? ती म्हणाली, तीन मेल पाठवल्या होत्या सर. (प्रचार विभागाच्या सगळ्या मेल मी थेट अडगळीच्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली आहे. त्यात माझी चूक नाही, तेवढ्यासाठीच ती सोय असते.)

मग तिने मला अ‍ॅनिमेशन म्हणजे काय ते शिकवलं. मला! एका सेकंदात चोवीस चित्रं. रेणू बाहेर असल्याचं एक चित्र, आत असल्याचं दुसरं, ही तुमच्याकडे आहेत. मधल्या दोन सेकंदांची अठ्ठेचाळीस माझ्याकडे हवीत, आणि प्रत्येकात तो कुठेतरी असायला हवा. लेखात "रेणू खोबणीत शिरतो" असं एक वाक्य लिहून पुढे जाता येतं, मला जाता येत नाही.

वर तिने विचारलं, परीक्षानळीत औषधाचा परिणाम दिसायला किती वेळ लागतो? सांगितलं, चाळीस मिनिटं. ती म्हणाली, एवढ्याशा गोष्टीला चाळीस मिनिटं म्हणजे फारच झाली, नाही का?

चाळीस मिनिटं का लागतात याची माझ्याकडे अकरा कारणं आहेत, दर वर्षाच्या अहवालात एक. जुनं यंत्र. खोलीचं तापमान. पाण्याचा दर्जा. मदतनिसांची हलगर्जी. एका वर्षी तर मी नवं यंत्र मागून घेतलं आणि तरी चाळीसच मिनिटं आली, तेव्हा नव्या यंत्राला दोष दिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी मला वेळेबद्दल विचारू नये.

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.२०

आज सरळ हुकूम केला. सोडा त्याला आत.

ती म्हणाली, भिंतीतून? म्हटलं, दोन सेकंदांचा मामला आहे, कोण बघतंय. थोडा झगमगाट टाका. टूथपेस्टच्या जाहिरातीत दातांवर चमक टाकता ना, तशी. ती पेन्सिल टेबलावर आपटत राहिली. मग म्हणाली, सर, असं लेखी द्याल? दिलं. "रेणू भिंतीतून गेल्यासारखा दिसला तरी हरकत नाही," खाली सही आणि तारीख. मी शब्दाचा पक्का माणूस आहे. घाबरतो कोण.

तिने कागद फाइलमध्ये ठेवला आणि काम सुरू केलं. 

११ एप्रिल, शुक्रवार

ब्लडप्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर. वही भरत आली हे ऐकून डॉक्टर खूश झाले. त्यांना काय, त्यांना लोकांनी लिहिलं की झालं. वाचायचं तर नाही कोणाला.

१७ एप्रिल, गुरुवार

रंगीत तालीम. डायरेक्टरने फिल्म पाहिली आणि त्या मुलीशी हात मिळवला. माझ्याशी नाही. म्हणाला, पहिल्यांदाच कळलं तुम्ही इथे काय करता ते. अकरा वर्षं सही करून माझे अहवाल घेतोय! माझ्या विभागातले पाचही जण टाळ्या वाजवत होते. फितूर एक नाही, पाच आहेत.

मी दोन सुधारणा सुचवल्या. एक, आवाज माझा. दोन, सुरुवातीला माझं नाव, नऊ सेकंद. ती म्हणाली नऊ फार होतात, वाचायला दोन पुरतात. म्हटलं, वाचून झाल्यावर लोकांनी विचार करावा म्हणून सात.

झगमगाटाची दोन सेकंदं उत्तम जमली आहेत. काही कळत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

उद्यासाठी संकल्प. चेअरमनबाईंनी कितीही बिनडोक प्रश्न विचारला तरी हसायचं. आरशासमोर हसण्याचा सराव केला. हिने विचारलं, दाढ दुखतेय का?

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळी ८

आज निकाल. चाचणीच्या कागदांवर सही करायला चांगलं पेन घेतलं. खात्री शंभर टक्के.

२४ एप्रिल. दुपारी ३.१५

पेन दाबून धरलंय, अक्षर वाईट येईल.

फिल्म लागली. नाव नऊ सेकंद आलं, कोणीतरी खोकलं. मग तीन मिनिटं एकही माणूस हलला नाही. मागच्या वेळी झोपलेले दोघं पुढे वाकून बघत होते. मला वाटलं, जिंकलो. संपल्यावर चेअरमनबाई म्हणाल्या, परत लावा. परत लावली. मग म्हणाल्या, तो चमकतो ना, तिथे हळू करता येईल का? त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. सराव केला होता तसा.

तिने एकेक चित्र पुढे सरकवलं. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, माझा एकशे सत्तेचाळीस प्रोटीनच्या भिंतीत अर्धा घुसलेला. बाहेर अर्धा, आत अर्धा, मधे भिंत.

चेअरमनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे बिस्कीट पाकिटात जातं तेव्हा पाकीट उघडं असतं."

सगळे हसले. मी म्हटलं, हे बिस्कीट नाही. जरा मोठ्याने म्हटलं. मग म्हटलं की ही चूक चित्राची आहे, शास्त्राची नाही, सशाचे दात रंगवणाऱ्यांच्या हाती विज्ञान दिलं की हे असं होतं. हे सगळं मी बोललो. लिहितोय कारण डॉक्टरांनी खरं लिहा म्हणून सांगितलंय.

त्या मुलीची पारदर्शक फाइल तिच्या मांडीवर होती. माझ्या सहीचा कागद त्यात सगळ्यात वर होता, मला माझ्या जागेवरून दिसत होता. मी त्या कागदाकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. तिने फाइल उघडली नाही. म्हणाली,

"हो मॅडम, तिथलं चित्र चुकलंय. मधे काय होतं ते मला माहीत नव्हतं."

चेअरमनबाईंनी मग मला विचारलं, तुम्हाला माहीत आहे ना? मी बोलायला तोंड उघडलं. अकरा मिनिटं बोललो. खोबणीबद्दल बोललो, अणूंबद्दल, यंत्राबद्दल, पाण्याच्या दर्जाबद्दल. मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे नाही.

निर्णय: चाचणी नाही. जूनअखेर विभाग बंद. त्याआधी हा रेणू आत कसा जातो ते कोणी सांगितलं, तरच पुन्हा विचार.

तिने कागद दाखवला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

गेलो नाही. आडवा पडून राग कोणाकोणावर आहे याची यादी केली. डायरेक्टर. चेअरमनबाई. बिस्किटं हा एकूणच पदार्थ. माझे पाच जण. टेबल आणणारा थोरला. डॉक्टर. ती मुलगी दोनदा.

हिने यादी वाचली. मी वाचू नको म्हटलं होतं. म्हणाली, अहो, माझं नाव कसं नाही? म्हटलं, जागा संपली. ती हसली आणि अंग चोरून स्वयंपाकघरात गेली.

२८ एप्रिल, सोमवार. सायंकाळी ५

माझ्या खोलीतल्या खुर्च्यांवरचे कागद कोणीतरी जमिनीवर ठेवले आहेत. खुर्च्यांवर माझे पाच जण बसलेत आणि स्टुलावर ती. शनिवार-रविवार पण आले होते म्हणे. मला कोणी बोलावलं नाही. उभाच राहिलो.

त्यांनी मोठ्या कॉम्प्युटरवर प्रोटीनला मोकळं सोडलं होतं. म्हणजे भिंतीवरच्या चित्रासारखं गोठवलेलं नाही, पाण्यात असतं तसं. ते थरथरतं. सारखं थरथरतं. करडं ढेकूळ श्वास घेतल्यासारखं हलत होतं, आणि बऱ्याच वेळाने, अगदी कधीतरी, खोबणीच्या तोंडावरची एक झडप बाजूला होत होती. जरा फट पडायची आणि झडप पुन्हा बंद.

माझ्या दोन्ही चित्रांत झडप बंद आहे, कारण जवळजवळ नेहमी ती बंदच असते. एकशे सत्तेचाळीस अंगाने जाडा. त्याला झडप पूर्ण उघडी लागते, ते लाखात एकदा होतं. म्हणून तो दाराशी ताटकळतो. चाळीस मिनिटं. यंत्र नाही, पाणी नाही, मदतनीस नाही.

अकरा वर्षं मी प्रत्येक नवा रेणू त्या खोबणीत आणखी घट्ट बसावा म्हणून आणखी भरत गेलो. आणि जितका तो आत घट्ट बसू लागला तितका तो दाराबाहेर अडकू लागला. एकशे सत्तेचाळीस वेळा.

हे शोधायला त्यांना तीन दिवस लागले. तिने मला मार्चच्या पाचव्या तारखेला विचारलं होतं.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला कोणी सापडेना. तिनेच विचारलं, सर, यापेक्षा बारीक असा कधी केला होता का? मी म्हटलं, नाही. आठवत नाही असं म्हणायला हवं होतं, पण सवयीने नाही म्हटलं.

२ मे, शुक्रवार. सकाळी १०

होता.

जुनी रजिस्टरं माझ्या कपाटात तळाशी होती. सगळी काढली. नंबर अडतीस. नऊ वर्षांपूर्वीचा. बारीक, सडपातळ, खोबणीत सैल बसणारा. परिणाम दिसायला लागलेला वेळ: तीन मिनिटं. मोजणाऱ्या मदतनीस मुलीचं गोल, स्वच्छ अक्षर.

त्याखाली लाल शाईने माझं. "मोजण्यात चूक. अशक्य. ज्याला घड्याळ कळत नाही त्याने प्रयोगशाळेत उभं राहू नये." पुढे मी एकोणचाळीस सुरू केलेला आहे, जाडा.

तेव्हा ते मी नुसतं लिहिलं नव्हतं. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. ते आता नीट आठवलं. दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारणाच्या जागी "घरगुती" लिहिलं होतं, आणि मी म्हटलं होतं, बरं झालं.

मला माझी लाज वाटते. याआधी असं कधी लिहिलं नव्हतं, वहीतही नाही.

२ मे. सायंकाळी ६.३०

फ्रीजरच्या तळाशी अडतीसची जुनी कुपी सापडली, दुपारी मोजून पाहिली, तीन मिनिटं. डायरेक्टरच्या ऑफिसातून त्या मदतनीस मुलीचा नंबर मिळवला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं, म्हणजे आवाज चढणार नाही. आधी माफी मागायची, मग अडतीसबद्दल सांगायचं, असा क्रम.

तिने आवाजावरून ओळखलं. मागे मुलांचा गलका होता. पोहायला शिकवते, म्हणाली. मी क्रम चुकलो. एकदम अडतीसवरच आलो.

ती म्हणाली, "ते माझंच चुकलं होतं, सर. त्यानंतर मी मोजण्याचं काम कधी घेतलं नाही. मुलांच्या शर्यतीतसुद्धा घड्याळ दुसऱ्याच्या हातात देते."

मी सांगितलं की चुकलं नव्हतं. तीन मिनिटं बरोबर होती. आज आम्ही पुन्हा मोजून पाहिली.

 पलीकडे पाण्याचा आणि मुलांचा आवाज.  मग ती हळू आवाजात म्हणाली, "तीनच होती. मी सहा वेळा मोजली होती."

मी म्हटलं, हो. ती म्हणाली, पोरं पाण्यात आहेत, सर, मला जायला हवं. फोन ठेवला तिने.

कागद हातातच होता. वरची ओळ तशीच राहिली. उद्या परत फोन करून माफी मागायची. उद्या नक्की. सकाळी नको, सकाळी तिची शिकवणी असेल. दुपारी जेवायची वेळ. संध्याकाळी पाहू.